आधी घार तरी नीट बघा

चंडीगडमधल्या आठ-दहा वर्षांच्या पोरांना चिनूक हेलिकॉप्टर ओळखायला कोणी शिकवत नाही. दोन टोकांना दोन पंखे आणि मधे लांबुळकं धड. आकाशात ती आकृती उमटली की मैदानावरचा क्रिकेटचा डाव क्षणभर थांबतो आणि एकजण तरी ओरडतोच, "चिनूक!" मार्च २०१९ मध्ये ही हेलिकॉप्टरं हवाई दलात दाखल झाली ती इथल्याच तळावर, त्यामुळे ती रोजच्या पाहण्यातली. अवजड आयएल-७६ आणि त्याच्या मानानं सुटसुटीत एएन-३२ यांच्या आकृत्याही पोरांच्या डोळ्यांत बसलेल्या असतात. मिग-२१ ची पहिली तुकडी १९६३ साली याच शहरात उभी राहिली आणि २६ सप्टेंबर २०२५ ला त्याला निरोपही इथंच दिला गेला. त्याच्या त्रिकोणी पंखांची नक्कल करत हात मागे टाकून पळणारी मुलं तेव्हा गल्लोगल्ली दिसत होती.

आता याच मुलांना डोक्यावर गिरक्या घेणारा पक्षी दाखवून विचारा, हा कोण? उत्तर येतं, "ईगल." शहरी मुलांच्या लेखी उंच उडणारं आणि बाकदार चोचीचं जे काही असेल ते ईगल. प्रत्यक्षात ती असते घार, चंडीगडमध्येच काय, देशातल्या जवळपास प्रत्येक शहरात रोज दिसणारी. आजी-आजोबांना ती कळते, आईबाबांना निम्मीअर्धी कळते आणि नातवंडांपाशी येईतो तिचं ईगल झालेलं असतं.

दोष मुलांच्या नजरेत नाही, शिकवण्याच्या रीतीत आहे. विमान आपण त्यांना आकारावरून बघू देतो आणि पक्षी मात्र रंगावरून शिकवतो. भिंतीवरच्या तक्त्यात हिरवा पोपट, काळा कावळा, निळा मोर, सगळे फांदीवर बसलेले, एका अंगानं दिसणारे आणि एकाच मापाचे. चिमणी आणि गरुड तिथं शेजारी-शेजारी, सारख्याच चौकटीत. मूल तक्ता पाठ करून बाहेर येतं, वर बघतं आणि वरचा पक्षी फांदीवर बसलेलाच नसतो. त्याचं पोट दिसतं, पंखांची खालची बाजू दिसते, आणि तीही काळपट. आकाश उजळ आणि पक्ष्याची आपल्याकडची बाजू सावलीत, म्हणजे डोळ्याला फक्त कडा कळते. रंग त्या उजेडात बुडून जातो. डिसेंबर-जानेवारीत चंडीगडवर धुकं उतरतं तेव्हा तर उरलासुरला रंगही जातो. राहतं ते एवढंच: पंख रुंद की निमुळते, शेपटी लांब की आखूड, मान पुढे काढलेली की आत घेतलेली, आणि पंख हलवण्याची लकब.

ही गोष्ट पक्षीशास्त्राला उशिरा सुचली. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकाचा पक्षी टेबलावर असे, गोळी घालून आणलेला. चोच मोजा, पिसं मोजा, रंगाची नोंद करा. आपल्या सलीम अली यांची वाटसुद्धा तिथूनच सुरू झाली. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये गेले. तिथं सोसायटीचे सचिव असलेल्या मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले आणि पुढचं सगळं घडलं. पण हातातला पक्षी आणि आकाशातला पक्षी यांत जमीन-अस्मानाचं अंतर, अगदी शब्दशः. १९०३ साली अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांची मुलांसाठी लिहिलेली एक कादंबरी आली. तिच्यातल्या यान नावाच्या मुलाला हीच अडचण पडते. त्याच्याकडे पुस्तक आहे, पण बदकं दूर पाण्यावर. मग एके ठिकाणी पेंढा भरून ठेवलेली बदकं तो बघतो आणि त्यांची लांबून दिसतील अशी ठळक, ढोबळ चित्रं काढून घेतो. ती चित्रं एका वाचकाच्या डोक्यात घर करून राहिली. त्याचं नाव रॉजर टोरी पीटरसन. १९३४ साली त्यानं अमेरिकेतल्या पक्ष्यांवर खिशात मावेल असं पुस्तक काढलं. त्यात शिकारी पक्षी खालून दिसतात तसे, बदकं उडताना दिसतात तशी, साध्या काळ्यापांढऱ्या चित्रांत होती आणि नेमकं काय बघायचं ते दाखवणाऱ्या छोट्या रेघा होत्या. पहिल्या आवृत्तीच्या दोन हजार प्रती हातोहात खपल्या.

सलीम अलींनी १९४१ च्या आपल्या पुस्तकात आणखी एक शहाणपण केलं. पक्ष्याचं माप देताना इंचांच्या जोडीला त्यांनी ओळखीचे पक्षी वापरले: चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा, कावळ्याहून मोठा, घारीएवढा. रोजच्या पाच-सात पक्ष्यांची फूटपट्टी. ही फूटपट्टी ध्यानात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

मधल्या काळात दुसरं महायुद्ध झालं आणि आकृतीवरून ओळखण्याला जीवनमरणाचा अर्थ आला. आपलं विमान की शत्रूचं, हे तोफेपाशी बसलेल्या माणसानं काही क्षणांत ठरवायचं. त्यासाठी काळ्या आकृत्यांचे तक्ते निघाले, पत्त्यांचे कॅट निघाले. सुरुवातीची पद्धत अशी की पंख तपासा, इंजिन तपासा, धड तपासा, शेपटी तपासा, मग निष्कर्ष काढा. ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल रेनशॉ यांचं म्हणणं वेगळं होतं. अवयव मोजत बसाल तर विमान निघून जाईल, अख्खी आकृती एका दमात डोळ्यात उतरली पाहिजे. ते अमेरिकी नौदलाच्या माणसांना पडद्यावर सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापुरती आकृती दाखवत आणि ओळखायला लावत. मला विचाराल तर मुलांच्या बाबतीत दोन्ही खरं आहे, फक्त क्रम महत्त्वाचा. आधी अख्खा आकार, आणि तो चुकला की मग शेपटी-पंखांची चौकशी. शाळेत आपण नेमकं उलटं करतो.

आता त्या प्रयोगाकडे येऊ, ज्याच्यामुळे उडत्या पक्ष्याची काळी आकृती पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. १९३७ च्या वसंतात नीको टिनबर्गन हा डच शास्त्रज्ञ ऑस्ट्रियातल्या आल्टेनबर्गला कोनराड लोरेन्झकडे गेला. दोघांनी पुठ्ठ्याच्या आकृत्या कापल्या आणि कोवळ्या कोंबडवर्गीय पिल्लांच्या डोक्यावरून दोरीनं सरकवल्या. त्यातली एक आकृती गमतीची होती. पंख दोन्हीकडे सारखे, एका बाजूला लांब दांडा, दुसऱ्या बाजूला आखूड बुंधा. आखूड बाजू पुढे करून ओढली तर मान तोकडी, शेपटी लांब, म्हणजे ससाणा. तीच उलटी ओढली तर मान लांब, शेपटी तोकडी, म्हणजे हंस. पुठ्ठा तोच, दिशा बदलली. आणि टर्कीची पिल्लं ससाण्याच्या दिशेला घाबरत, हंसाच्या दिशेला फारशी नाहीत. अर्थ असा लावला गेला की शत्रूचा आकार पिल्लं जन्मतःच जाणतात. पुढे १९७३ साली कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर या दोघांना नोबेल मिळालं.

हा पुठ्ठा घरी करण्यासारखा आहे. वहीच्या जाड कव्हरातून कापायचा, काळा रंगवायचा, बाल्कनीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ताणलेल्या दोरीवरून सरकवायचा. मुलांना आधी सांगायचं नाही. ती एका दिशेला "बदक" म्हणतात, दुसऱ्या दिशेला "घार", आणि पुठ्ठा एकच आहे हे कळल्यावर पाच मिनिटं तरी विश्वास ठेवत नाहीत. (थांबलेल्या आकृतीला मात्र पक्षी भीक घालत नाहीत. काचेच्या इमारतींवर ससाण्याचे काळे स्टिकर लावतात ना, पक्षी आपटू नयेत म्हणून? एकुलता एक स्टिकर लावून काही साधत नाही. पक्षी वाचवायचे तर काचेवर जवळजवळ ठिपके किंवा पट्टे हवेत.)

पण गोष्ट तिथं संपली नाही. वोल्फगांग श्लाइट या शास्त्रज्ञानं टर्कीच्या पिल्लांवर हे प्रयोग पुन्हा, जास्त काटेकोरपणे केले आणि १९६१ साली निष्कर्ष मांडले. त्याला दिसलं ते असं. पिल्लांना जो आकार वारंवार दाखवावा त्याची त्यांना सवय होते, मग तो हंस असो, ससाणा असो की नुसतं वर्तुळ. आणि जो क्वचित दिसतो त्याला ती दचकतात. आल्टेनबर्गच्या पिल्लांच्या डोक्यावरून हंस नित्य जात होते, ससाणे क्वचित. पिल्लांना शत्रू ठाऊक नव्हता, त्यांना नेहमीचे लोक ठाऊक होते. नेहमीचे लोक पक्के ठाऊक असले की परका आपोआप डोळ्यात खुपतो.

मुलांना पक्षी शिकवायचे तर टर्कीच्या पिल्लांचा हा धडा सगळ्यात कामाचा आहे. शंभर पक्ष्यांची यादी नको. रोज दिसणारे पाच-सहा इतके पक्के करा की सातवा आला तर मूल स्वतःच म्हणेल, हा आपल्यातला नाही. त्याचं नाव काय, ते मग पुस्तकात बघता येईल. सलीम अलींची फूटपट्टी हीच.

चंडीगड यासाठी सोयीचं गाव आहे. जुन्या सेक्टरांमधली घरं दोन-तीन मजल्यांची, रस्ते रुंद, आणि डॉ. एम. एस. रंधावा यांच्या देखरेखीखाली आखून लावलेल्या झाडांच्या रांगा. आकाश इथं तुकड्यातुकड्यांत दिसत नाही, एकसलग दिसतं. उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या आणि त्यांच्या पायथ्याशी सुखना तलाव. सुखना चो नावाच्या पावसाळी ओढ्यावर बांध घालून तो १९५८ साली तयार झाला. बांधावरच्या फरसबंद वाटेवर रोज संध्याकाळी अर्धं गाव फिरायला येतं.

सुरुवात घारीपासून करावी, आणि घारीवरच बरेच दिवस थांबावं. हिंदीत ती चील, पंजाबीत इल्ल. सकाळी आठला ती खांबावर पंख मिटून बसलेली दिसते, कारण अजून हवा तापलेली नसते. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर उठते, आणि त्या उठत्या हवेच्या खांबात शिरून घार पंख न हलवता वर चढत जाते. हिवाळ्यात धुकं उशिरापर्यंत राहिलं तर घारीही उशिरा उठतात. मुलांना हे घड्याळ लावून बघायला आवडतं.

घारीचे पंख लांब, पसरट, मनगटाशी किंचित मोडलेले. टोकाची पिसं बोटांसारखी सुटी. ही बोटं उगाच नसतात. पंखाच्या टोकाशी हवेचे भोवरे तयार होऊन पक्ष्याला मागे खेचतात. पिसं सुटी राहिली की तो एक मोठा भोवरा छोट्या-छोट्यांत विभागला जातो आणि ओढ कमी होते. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत भरतात साधारण दीड मीटर, म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलानं हात पसरले तर जेवढे होतात साधारण तेवढेच. हे सांगून बघा, मूल आधी स्वतःच्या हातांकडे बघतं, मग वर.

आणि शेपटी. पुस्तकात लिहिलेलं असतं की घारीची शेपटी दुभंगलेली असते. बरोबर, पण ती मिटलेली असताना. वळताना तीच शेपटी उघडली की खाच जवळजवळ नाहीशी होते आणि कड सरळ दिसते. दिवाळीच्या सुट्टीत भाची पुण्याहून इकडे आली होती. सुखनाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही दोघी एकच घार बघत होतो. मी खाच दाखवायच्या घाईत, आणि ती म्हणाली, "मावशी, खाच जाऊ दे. ती वळते ना, तेव्हा पंख तसेच राहतात आणि शेपटीच तिरकी होते बघ." अगदी खरं होतं. घार शेपटी एका अंगाला पिळते आणि तिच्या सुकाणूवर वळते. इतक्या सहज शेपटी पिळणारा दुसरा मोठा पक्षी आपल्या शहरांवर रोज दिसत नाही. खाच लांबून कधी दिसते, कधी नाही, ही पिळण्याची लकब मैलभरावरूनही कळते. भाचीनं ते वहीत काढलं: सरळ आडवी रेघ आणि तिला मागे वाकडा जोडलेला त्रिकोण. चित्र म्हणून ते काहीच नव्हतं. घार मात्र होती.

चित्र काढायला लावताना एक नियम पाळावा: बघताना काढायचं नाही, काढताना बघायचं नाही. पाच सेकंद पक्षी, मग मान खाली आणि कागद. रेनशॉच्या पडद्याची ही घरगुती आवृत्ती. डोळ्यांत जे उरलं तेच कागदावर येतं, आणि दोन मुलांच्या कागदांवर निरनिराळं आलं की खरं भांडण सुरू होतं. ते भांडण होऊ द्यावं. फोनवरचं पक्षी ओळखून देणारं मर्लिन अ‍ॅप चांगलं आहे, मीही वापरते. पण नाव कळलं की मूल बघायचं थांबतं, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत फोन खिशातच बरा.

त्याहून भारी उपाय म्हणजे हातांनी उडणं. पक्ष्याचा पंख हा मुळात हातच. खांदा, कोपर, मनगट, पंजा, सगळं आहे. पंखाच्या बाहेरच्या टोकाची पिसं पंजाच्या हाडांना जोडलेली असतात, आतली पिसं कोपर आणि मनगट यांमधल्या हाडाला. मुलांना हात पसरायला सांगा, मनगट किंचित मागे मोडायला सांगा: घार. दंड अंगाशी धरून फक्त पुढचे हात भराभर हलवा: बदक. मग पाकोळीची नक्कल करायला सांगा. ती जमत नाही. पाकोळीचं दंडाचं हाड इतकं आखूड की कोपर अंगालगत लपलेलं, आणि पंजा प्रचंड लांब. म्हणून तिचा पंख कुठंही न मोडता एकसलग वळतो, कोयत्याच्या पात्यासारखा. भिंगरी तिच्याच हवेत तेच किडे पकडते, पण तिच्या पंखाला मोड दिसतो आणि ती अधूनमधून तारेवर बसते. पाकोळी तारेवर कधीच बसत नाही, तिचे पाय त्या कामाचे नाहीत. दोघींना एकच समजणारी मोठी माणसं मी खूप पाहिली आहेत.

आपल्याकडचा 'चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड' हा खेळ सगळ्यांना येतो. त्यात एवढाच फेरफार करायचा की बोट वर करायच्या ऐवजी ज्याचं नाव घेतलं त्याच्यासारखं उडून दाखवायचं. कावळा: सारख्या, संथ, न थांबणाऱ्या पंखफेका. पारवा: जोरात फडफड, मग पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून तरंगणं. पोपट: भराभर पंख आणि सरळ रेषेत सुसाट, आणि ओरडत, त्याच्या लांबीचा अर्ध्याहून जास्त भाग शेपटीतच गेलेला. संध्याकाळी सेक्टर २१ मधल्या छोट्या पक्षी अभयारण्याच्या बाजूला थांबलं तर पोपटांचे थवेच्या थवे येताना दिसतात. सुतारपक्षी: चार फडफडी, पंख मिटून घसरण, पुन्हा चार फडफडी, म्हणजे हवेत लाटा. टिटवी: पंख विलक्षण रुंद आणि टोकाला गोल, त्यामुळे ती आळसटल्यासारखी उडते. म्हैस आली की अर्थात सगळे बसून राहतात.

याच गावात आकार बघायला शिकवणारी एक अवाढव्य वस्तू उभी आहे. कॅपिटॉल कॉम्प्लेक्समधला, शहराचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्बुझिएचा 'ओपन हँड', २६ मीटर उंच, वाऱ्याबरोबर फिरणारा. त्याच्या हयातीत तो झाला नाही, १९८५ साली उभा राहिला. समोरून उघडा पंजा, थोडं बाजूला सरकलं की पंख पसरलेला पक्षी. मुलांना दोन जागांवरून तो काढायला लावावा. पक्ष्याचंही हेच होतं. घार खालून फुलीसारखी दिसते आणि समोरून येताना नुसती आडवी रेघ; एकाच कोनातून पाठ केलेला आकार दुसऱ्या कोनातून दगा देतो.

चंडीगडचा राज्यपक्षी राखी धनेश. पुण्या-नागपुरातल्या वाचकांनाही हा परका नाही, जुनी वड-पिंपळाची झाडं असतील तिथं तो असतो. आकारात घारीच्या जवळपास, रंगानं करडा, आणि ओरडतोही थोडा घारीसारखाच, त्यामुळे नवख्याची फसगत ठरलेली. पण उडताना बघा. पुढे जड बाकदार चोच, मागे लांबलचक शेपटी आणि मधे तुलनेनं लहान पंख. काही फडफडी, मग तरंगणं, पुन्हा काही फडफडी. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, आणि बहुधा एकामागे एक, रांगेत. घारीसारखा तो आभाळात घिरट्या घालत नाही. फळं खाणाऱ्याला वर जाऊन करायचं काय? पंखांचा आकार पोटावरून ठरतो हे मुलांना इथं पटकन कळतं. मेलेलं शोधायचं तर उंचावर तासन् तास फुकट तरंगता आलं पाहिजे, उंबर-पिंपळाची फळं खायची तर फांद्यांमधून घुसता आलं पाहिजे.

नोव्हेंबर उजाडला की सुखनाकडे जावं. बदकं येतात, आणि कधी पट्टकादंबही, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असणारे ते हंस, ज्यांनी हिमालय ओलांडताना ७,२९० मीटरची उंची गाठल्याची नोंद यंत्रानं झालेली आहे. व्हीच्या आकारात उडणारं सगळंच हंस, अशी एक समजूत असते. सुखनावर ती पहिल्याच दिवशी मोडते, कारण इथं हिवाळ्यात मोठे पाणकावळे मुबलक, आणि तेही रांगा करून, कधी व्ही करून येतात. फरक काय? हंसांचा व्ही नीट आखलेला आणि बोलका, लांबूनच त्यांचा कोलाहल ऐकू येतो. पाणकावळ्यांची रांग मुकी आणि विस्कळीत. मधेच ते पंख थांबवून तरंगतात, शेपटीही हंसापेक्षा लांब.

व्ही का, हे मुलं विचारतातच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४ तरुण आयबिस पक्ष्यांच्या पाठीवर बारीक यंत्रं बसवून त्यांची जागा आणि पंखांची हालचाल मोजली गेली. पुढच्या पक्ष्याच्या पंखाच्या टोकामागे हवेचा जो भाग वर उचलला जातो, मागचा पक्षी नेमका तिथं राहतो, आणि पंखफेकीची वेळही अशी साधतो की त्याचं टोक पुढच्याच्या वाटेवरून जावं. जागा बदलली की तालही बदलतो.

पाण्याकाठचा दुसरा धडा मानेचा. बगळे, मग ते ढवळे असोत की राखी, उडताना मान दुमडून खांद्यांत घेतात. चित्रबलाक आणि करकोचे मान ताठ पुढे ठेवतात. चोच, रंग, पाय काहीही कळलं नाही तरी एवढ्यावरून कुळ ठरतं. मोठ्यांना हे नियम म्हणून सांगावं लागतं. मुलं एकदा मान बघायला लागली की त्यांना दुसरं काही दिसतच नाही.

शेवटी गिधाडं. चंडीगडपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर पिंजोरला बीएनएचएस आणि हरयाणा वन विभाग यांचं गिधाड केंद्र आहे, २००१ पासून. मुंबईत १८८३ साली जन्मलेल्या संस्थेचं हे काम शिवालिकच्या पायथ्याशी चालतं. ऐंशीच्या दशकापर्यंत या भागात, आपल्याकडेही, गिधाडं ढिगानं होती. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती पटापट मेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या २००७ पर्यंत ९९.९ टक्क्यांनी घसरली होती. जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. केंद्रात वाढवलेली आठ पांढऱ्या पाठीची गिधाडं ऑक्टोबर २०२० मध्ये पिंजोरजवळच्या बीड शिकारगाह अभयारण्याच्या परिसरात मोकळी सोडली. केंद्र बघायला सहज जाता येत नाही, पक्ष्यांना माणसांची सवय लागू नये म्हणून. म्हणजे आजीनं गावच्या वेशीवर थव्यानं बघितलेला आकार नातवाला बघायला मिळाला तर आकाशातच.

पांढरं गिधाड, म्हणजे इजिप्शियन गिधाड, त्या मानानं अजून दिसतं. मोठं झालेलं पांढरंशुभ्र, पंखांची मागची कड काळी. ते कोणीही ओळखेल. पण त्याचं पिल्लू पहिली काही वर्षं गडद तपकिरी, घारीच्याच रंगाचं, आणि बऱ्याचदा घारींच्याच घोळक्यात फिरणारं. रंगावरून शिकलेला माणूस इथं हमखास फसतो. शेपटी बघणारं मूल फसत नाही. घारीची शेपटी आत खाचलेली किंवा सरळ, याची पाचरीसारखी मधे टोक आलेली. आणि पांढऱ्या पाठीचं गिधाड आलंच, तर पंख दोन मीटरहून लांब, फळीसारखे रुंद, बोटं लांब, डोकं जेमतेम बाहेर, आणि शेपटी इतकी आखूड की घारीत मुरलेलं पोर आधी हेच विचारणार, "हिची शेपटी कुठे गेली?"

तेव्हा लगेच नाव सांगू नये. वहीत वेळ, जागा, पक्षी कुठून कुठे गेला आणि पाच सेकंदांत डोळ्यांत उरलेला आकार, एवढं आधी उतरवून घ्यावं. मग पुस्तक उघडावं, आणि नोंद ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावी.